जिभेखालची गोळी

माह्या पोराले सुई लागली होती. नशेची. डॉक्टरीणबाईचा दवाखाना सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचा. बाई म्हणाल्या, "काका, भरती करायची गरज नाही. इथंच गोळी देईन, जिभेखाली ठेवायची. पण आत्ता नाही. सुईचा अंमल उतरून अंग कापायला लागलं की आणा. आधी दिली तर फार हाल होतील."

मले राग आला. दवा जवळ आहे अन् देत नाही!

"तोवर याले धरंल कोण?"

"मजबूत माणूस पाहिजे."

"मी आहो ना." उरला गावच्या लोखंडाच्या मिलमध्ये जलमभर तापून लाल झालेल्या सळया चिमट्यानं धरल्या. आपलंच पोट्टं धरता येत नाही?

पोराले घरी आणून दाराले आतून कुलूप घातलं, चाबी बंडीच्या खिशात. पहिले तो गोड बोलला. मग म्हणे, "चाबी दो, बुड्ढे, नहीं तो मार डालूंगा."

"मार. माहा बाप मारून मारून थकला, तू कोण?"

त्यानं कुकर उचलून माह्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हातात आला. मी त्याले पालथा पाडला, हात पिरगाळले अन् पाठीवर बसलो. शिव्या देता देता तो मेलेल्या मायवर आला, तवा मी त्याचं तोंड दाबलं. त्यानं तळव्यात दात रुतवले. रक्त निघालं. मी हात काढला नाही.

शेजारी दार ठोकून राहिले. "भैया, पुलिस बुलाएं?"

"बुलाव! पुलिसलेही चाबी देत नाही."

मग त्याले जांभयावर जांभया आल्या. नाक गळालं, अंगावर काटा, पाय झटके देऊन राहिले. तवा कुलूप काढलं. त्याचं मनगट गमछ्यानं माह्या मनगटाले बांधलं अन् ऑटोत कोंबला.

दवाखान्यात त्यानं स्टूल भिंतीवर आपटून फोडलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "आता देते." गोळी जिभेखाली गेली. "गिळायची नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही." मग माह्याकडे वळल्या. "काका, ओठाला टाके घालावे लागतील."

"पहिले गोळी वितळू द्या."

पोरगा माह्या तोंडाकडे पाहून राहिला होता. डोळे भरले, ओठ हलले. "बा..."

मी तोच तळवा त्याच्या तोंडावर ठेवला. "चूप. मग बोल."

दात तिथंच होते. रुतले नाहीत.