क्लॅरिनेटची जागा

मी चाळीस वर्षं नाशकात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, त्याच बँडची मास्तरकीही केली. शाळा दुसरीतच सुटली, म्हणून प्रत्येकाचा भाग मी त्याला शिट्टीवर शिकवायचो. देवळालीत एका गोवेकर वादकाचं जाझ ऐकून मी वरातीसाठी एक चाल बसवली होती. तशी दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

आमच्या क्लॅरिनेटवाल्याला नोटेशन यायचं. तो म्हणायचा, "मास्तर, लिहून ठेवू द्या. आपण काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

"कागदावर गेली की उद्या दुसऱ्या बँडची होईल. तू फुंक."

एकेक करत सगळे गेले. गेल्या दिवाळीत तोही गेला. आता दुपारी मी एकटाच घरात ती चाल वाजवतो. क्लॅरिनेटची जागा आली की थांबतो, मनात आठ मात्रा मोजतो आणि पुढं धरतो.

परवा शेजारची सून दारात येऊन म्हणाली, "बाबा, मधेच दम लागतो का हो?"

"दम कसला लागतोय! तिथं क्लॅरिनेटवाला वाजवायचा."

"मग त्यांचंबी तुम्हीच वाजवा की."

मीच शिकवलेला तो भाग मला आता आठवत नाही, हे सांगायला जीभ रेटेना.

"मास्तर दुसऱ्याचं वाजवत नसतो," म्हणालो आणि दार लोटून घेतलं.