मुक्या चकतीतलं नाव

वामनरावांचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभा जन्म काढलेला माणूस. बांधलेली गाठ दिसली की आत काय दडवलंय हेच आधी मनात यायचं. दूधवाल्यासमोर ते दुधात बोट बुडवून पाहत, डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवत, आणि देवळात एक चप्पल या दाराशी तर दुसरी त्या दाराशी काढत. "आमचे पूर्वज गुरसरायच्या संस्थानात पहाऱ्यावर होते, रक्तातच आहे ते," असं वर ऐकवत. झाशीतली मोजकी मराठी घरं त्यांना मागून 'पहारेकरी' म्हणायची. मागून काहीतरी म्हणतात, हा संशय त्यांना होताच.

अशा माणसाला म्हातारपणी एकच गोष्ट हवी होती. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं.

पार्वतीबाईंनी 'अहो' आणि 'हे' या दोन शब्दांवर सगळा संसार केला. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही बायकांच्या घोळक्यात. लेकीच्या, शमिकाच्या हळदीला बायकांनी फारच आग्रह केला तेव्हा त्या उखाण्याला उभ्या राहिल्या, आणि नेमके त्याच वेळी वामनराव अंगणात हलवायाची झडती घेत होते. तुपाचा डबा नाहीसा झाला होता. हलवाई बिचारा गळ्याशपथ सांगत होता आणि हे चार माणसांदेखत त्याची पिशवी उपडी करत होते. पुढे डबा घरातच मिळाला, तर 'भीतीने परत आणून ठेवलान' असं म्हणून मोकळे झाले.

पार्वतीबाई गेल्या, आणि घर एवढं गप्प झालं की वामनरावांना त्या उखाण्याची आठवण झाली. हळदीची डीव्हीडी कपाटात होती. ती लावायची कशावर? डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला. मुलाचा, रोहितचा जुना गेम खेळायचा कन्सोल टीव्हीखाली धूळ खात पडलेला. त्याला चकती वाचता येईना, पण पेन ड्राइव्ह चालत असे. तेव्हा लक्ष्मी गेटजवळच्या कौशिकच्या कंप्यूटरच्या दुकानात चकतीची फाइल करून पेन ड्राइव्हवर घेतली. वामनराव तिथे खुर्चीत बसून होते. काम झाल्याबरोबर म्हणाले, "भैया, अब अपने कंप्यूटर से मिटाओ. मेरे सामने."

"रहने दीजिए बाबूजी, कभी काम आएगी."

"इसीलिए तो मिटाओ," वामनराव म्हणाले. कौशिकने फाइल पुसली.

घरी सूनबाईंनी पेन ड्राइव्ह कन्सोलला लावला. रोहित नोकरीसाठी ग्वाल्हेरला असायचा. घरात सासरा आणि सून, दोघंच. ही स्वरदा मऊरानीपुरची. मराठी तिला सगळं कळे, पण बोलताना हिंदीचा हात धरावा लागे. पडद्यावर हळद आली. पार्वतीबाई मोरपंखी लुगड्यात उभ्या राहिल्या, ओठ हलले, आणि आवाज नाही. मग त्या मध्येच थांबल्या, तोंडावर पदर धरून हसल्या, काहीतरी बोलल्या. सगळ्या बायका हसल्या, सगळ्यांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. पुढचं चित्र एकदम पंगतीचं.

वामनरावांच्या मनात पाल चुकचुकली. आवाज गेला कुठे? मधलाच तुकडा कापला कोणी? आणि बायका हसल्या त्या कोणाला?

"कौशिकने काढून घेतलाय आवाज," ते म्हणाले.

"तो काय करणार बाबा आवाजाचं?"

"ते त्यालाच ठाऊक. म्हणून तर विचारतोय."

चकती पुन्हा त्याच्याकडे न्यायची, तर त्याने बदलून दुसरीच दिली म्हणजे? आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात, शेजारी गेलेली वाटी ओळखू यावी म्हणून. वामनरावांनी करकटक घेतलं आणि डीव्हीडीवर 'वा' कोरला. तोही चकचकीत बाजूवर, कारण वरचा छापील कागद काय, कोणीही सोलून दुसरा लावील! कौशिकने चकती उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. ती आता कुठल्याच यंत्रात वाचली जाईना. त्याच्याकडची फाइल तर वामनरावांनीच पुसायला लावलेली. पार्वतीबाईंचा आवाज जगात उरला असलाच, तर तो त्या बोटभर पेन ड्राइव्हमध्ये.

त्या दिवशी वामनराव जेवले नाहीत. चूक कबूल करणं रक्तात नव्हतं, पण घाबरले होते. पेन ड्राइव्ह त्यांनी जानव्याला किल्लीशेजारी बांधला आणि तो दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लावू देईनात. मोबाइलला तर नाहीच. मोबाइलमधून सगळं जग बघतं म्हणे.

स्वरदा मात्र चिवट. तिने आधी रोहितचा मोटारींचा गेम लावला. मोटारी अशा गरजल्या की शेजारीण डोकावून गेली. म्हणजे टीव्ही ठीक होता. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून मोबाइलमधली एक चित्रफीत लावली. तिचाही आवाज आला. म्हणजे कन्सोलही ठीक.

"बाबा, आवाज आहे आत," ती म्हणाली. "पण डीव्हीडीचा आवाज वेगळ्या तऱ्हेने भरतात, आणि हा पुराना डब्बा ती तऱ्हा समजतच नाही. चित्र समजतो, आवाज सोडून देतो. फक्त आवाज बदलून भरायचा. कौशिक भैया करून देतील."

"आणि फाइल बिघडली तर?"

"आधी कॉपी करू ना. थोडा तर भरोसा करा!"

'भरोसा' हा शब्द वामनरावांनी विषाची परीक्षा घ्यावी तसा ऐकला. मग अटी घातल्या: कौशिकने घरी यावं, लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडावा, आणि काम होईपर्यंत आवाज बंद ठेवावा. बायकोचा उखाणा परक्या माणसासमोर वाजणार नाही. कौशिक आला, निमूट काम करून गेला. जाताना वामनराव त्याच्या पिशवीकडे पाहत राहिले, पण या खेपेला ती उघडायला सांगितली नाही.

स्वरदाने दार लावलं आणि कन्सोल सुरू केला.

बांगड्यांचा आवाज आला, मग बायकांचा गलका, आणि मग तिचा. वामनरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"बेतवेच्या काठावर ओरछ्याचा घाट," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी खच्चून ओरडलं, "डिब्बा किधर गया? झोला खोलो पहले!"

आवाज वामनरावांचाच होता.

पार्वतीबाई थांबल्या. पदर तोंडाशी धरून हसल्या. "घ्या! डबा इथे माझ्यामागे. मांजर तोंड घालेल म्हणून मीच ठेवलाय. काखेत कळसा नि गावाला वळसा." बायका हसल्या. कोणी म्हणालं, "वहिनी, नाव घ्या आधी!"

"आता नाही," त्या दाराकडे पाहत म्हणाल्या. "ते आत येऊ देत. त्यांच्यासमोरच घेईन."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. कॅमेराही वळला. दारात कोणी नव्हतं. बाहेर पिशवी उपडी केल्याचा खणखणाट झाला, आणि पंगत सुरू झाली.

कोणी काही कापलं नव्हतं. वामनरावांना रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. स्वरदाने चित्र मागे नेलं आणि पार्वतीबाई दाराकडे पाहत होत्या तिथे थांबवलं. पाणी आणून दिलं. ते त्यांनी न हुंगता प्यायलं.

पेला परत घेत तिने हळूच विचारलं, "बाबा, पुढे चालू करू?"

"नको," वामनराव म्हणाले. "ती अजून थांबली आहे."