पिवळीचं पाणी

रुपचंद वाघ एसटीत कंडक्टर होता, धुळे-जळगाव गाडीवर. एरंडोलचं तिकीट काढून जळगावपर्यंत झोपेचं सोंग घेणारा माणूस त्याला पाठमोराही ओळखू यायचा. हा संशय खाकी कपड्यांसोबत खुंटीला टांगणं मात्र त्याला कधी जमलं नाही. धुळ्यातल्या देवपुरातल्या दोन खोल्यांत तो भाजीतल्या मिठाकडेही त्याच नजरेनं बघायचा.

विश्वास होता तो फक्त माशांवर. जळगावच्या असलमकडून त्यानं काचेची टाकी आणि आफ्रिकन सिक्लिड आणले होते. बाकी सगळे निळे, एकच पिवळी मादी. हे मासे मुळात जड पाण्याच्या तळ्यातले. कॉलनीतल्या बोअरचं पाणी असं, की त्यात डाळ शिजत नाही, साबण फाटतो. तेच त्यांना मानवलं होतं. वर पाणी जड राहावं म्हणून त्यानं फरशीवाल्याकडून संगमरवराची खडी आणून तळाशी पसरली होती.

"भाऊ, मासा तळीसन खावाना ऱ्हास," शेजारचा सुपडू म्हणायचा, "त्याले फरशी कसाले बसाडतस?"

त्या हिवाळ्यात निळे फिके पडले. पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले. पिवळी तर कोपऱ्यात गाल फुगवून उभी. दाणे टाकले तरी तोंड उघडेना. रुपचंदचा सगळा जीव तिच्यात. ती मरेल या धास्तीनं तिकिटाला पंच मारताना त्याचा हात चुकू लागला.

पहिला संशय असलमवर. जळगावला उतरून त्यानं जाब विचारला.

"कंडक्टरसाहेब, माल मेरा अच्छा था," असलम म्हणाला. "पाणी बघा तुमचं. बाटलीत घ्या, साबणाचा कीस टाका, हलवा. फेस आला, तर पाणी हलकं झालं समजा. हे मासे हलक्या पाण्यात सुकतात."

घरी येऊन त्यानं औषधाची रिकामी बाटली टाकीतल्या पाण्यानं भरली आणि साबणाचा कीस टाकून हलवली. फेस गळ्यापर्यंत चढला. बोअरचं पाणी असं फेसाळत नाही. म्हणजे कुणीतरी ते बदलत होतं. सुपडू दिवसभर गिरणीत. उरली बायको, कमलबाई. ती टाकीला हसत हसत सवत म्हणायची. ते हसणं आता त्याला आठवून आठवून टोचू लागलं.

"काय बघी ऱ्हायनात मनाकडे?" कमलबाईनं विचारलं.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी तो गणवेश घालून निघाला आणि स्टँडवरून परत फिरला. दार नुसतं लोटलेलं होतं. कमलबाई टाकीतलं पाणी भांड्यानं उपसत होती आणि माठातलं घालत होती, धारेखाली तळहात धरून, मासा दचकू नये म्हणून.

"काय करी ऱ्हायनी?"

ती दचकली नाही. "पोटुशी शे ती. तिना तोंडमा अंडा शेतस. तुमले दिसनं नही?"

रुपचंद काचेपाशी वाकला. फुगलेल्या जबड्याच्या पातळ कातडीआड केशरी ठिपके होते. इतके दिवस तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला विष दिसत होतं.

कमलबाईच्या माहेरी पोटुशी बाईला खारं पाणी कोणी देत नसे. नळ एक दिवसाआड यायचा. आपल्या वाट्याचं नळाचं गोड पाणी ती माठातून पिवळीला देत होती.

"आन तू काय पेस?"

"बोअरनं. माले काय व्हस?"

ती भाजीला गेली, तेव्हा त्याला बसवेना. मासे वाचवायचे तर पाणी आत्ताच जड व्हायला हवं, एवढंच डोक्यात. त्यानं अर्धी टाकी उपसली आणि बोअरच्या बादल्या घाईनं रिकाम्या केल्या. मग पुन्हा ड्युटीवर गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा पिवळीचं तोंड मोकळं होतं. पाणी एकदम बदलल्याच्या धसक्यानं अंडी तिनं थुंकली होती. खडीवर ती केशरी विखुरलेली, आणि निळे एकेक टिपत होते. कमलबाई टाकीसमोर बसली होती.

"मना पाणीनं झायं का हाई?"

हो म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता.

"नही," तो म्हणाला. "मीच बोअरनं टाकं. एकदम."

ती टाकीसमोरून उठली. मग म्हणाली, "माले इचारी तरी लेवानं व्हतं."

"आते काय करू?"

"काहीच करू नका. हात लावू नका टाकीले," ती म्हणाली आणि बोअरची बादली उचलून बाहेर घेऊन गेली.