नंबर जुळल्याशिवाय कुंकू नाही

माझं अक्षर वाकडं आहे, लिहिताना चुका होतात, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. दौंडहून आम्ही शिरूरला जुनी गाडी आणायला गेलो. शेळ्या विकून आलेले पैसे यांनी डीलरला आधीच विसार म्हणून दिले होते. पूजेला मी कुंकू काढलं, तेव्हा बॉनेट उघडं होतं. आत कोरलेला चेसिस नंबर गाडीच्या आरसी कार्डावरच्या नंबराशी जुळेना. माझंच वाचणं चुकतंय का? तीनदा वाचलं, मग यांच्या कानात सांगितलं.

डीलर हसला. "वहिनी, तुम्ही कुंकू लावा, आकडे आमच्यावर सोडा."

"आधी जुळू द्या," एवढंच मी बोलले. पूजेशिवाय गाडी घरी कशी न्यायची, म्हणून हेही अडून बसले. नंबर काही जुळला नाही, गाडी तिथंच सोडून विसार परत मागून आम्ही घरी आलो.

ती गाडी नेमकी कुणाची, मला अजून कळलेलं नाही. आठवड्यानं विसाराचे सगळे पैसे परत मिळाले.