फडक्याखालची सिरिंज

नंदकिशोरला त्याच्याच हाताने अडकवलं होतं. रबाळ्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केरोसिनमध्ये किती पाणी विरघळतं ते मोजायचं, हे त्याचं काम. साहेब चारचौघांत सांगायचे, "चाळीस डिग्रीचा आकडा हवा तर नंदूच्याच हातचा." सुरुवातीला हे ऐकून स्वारीची छाती फुगायची. सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत तेच वाक्य नकोसं व्हायला लागलं.

बायको वैजयंती चिपळूणला शाळेत शिक्षिका, सात वर्षांची सई तिच्यापाशी, आणि हा घणसोली गावात रंगूबाईंच्या भाड्याच्या खोलीत एकटा भात शिजवतोय. "नंदूभाव, बायकोला कवा आननार तुमी?" रंगूबाई विचारायच्या. ती पक्की नोकरी सोडून कशी येणार? जायला हवं होतं यानेच. चिपळूणजवळ कंपनीचा नवा कारखाना झाला, तेव्हापासून याने तीनदा बदलीचा अर्ज केला आणि साहेबांनी तीनदा परत पाठवला. इंधन गार झालं की त्यात विरघळलेलं जास्तीचं पाणी सुटतं आणि फिल्टर तुंबवतं. किती सुटेल, हे सांगणारं समीकरण साहेबांनी मांडलं होतं आणि ते सगळं नंदकिशोरच्या आकड्यांवर उभं होतं. दुसऱ्या कुणी मोजलं की गार नमुने बरोबर यायचे. चाळीस डिग्रीला मात्र दहा लाखांत एकशेतीस भाग यायला हवेत, तिथे नव्वदच.

चौथ्या अर्जावर साहेब म्हणाले, "जाईला तयार कर. तिचा आकडा तुझ्याशी जुळला की त्याच दिवशी सोडतो."

जाई नवीन केमिस्ट, नियमाला पक्की. दोन महिने झाले, तिचे नव्वदच. "सर, माझ्या हातातच नाही बहुतेक," ती म्हणाली.

हातात कसलं डोंबल होतं! नियम असा, की सिरिंज कोरडी हवी म्हणून बंद काचपात्रातून काढून लगेच वापरायची. ते पात्र थेट एसीखाली. गरम केरोसिन त्या गार काचेत ओढलं की विरघळलेलं पाणी सुटून काचेलाच चिकटतं, मोजायच्या यंत्रात जातच नाही. गरम भातावरच्या गार झाकणाला थेंब धरतात ना, तसंच. नंदकिशोरला हे नव्वद साली भात शिजवतानाच उमगलं. तेव्हापासून तो सिरिंज आधी गरम पाण्याच्या टबाच्या झाकणावर, हात पुसायच्या फडक्याखाली ठेवायचा. त्या कळकट फडक्यावरून लोक चिडवायचे. तोही हसायचा.

सांगितलं कुणालाच नाही. तेव्हा त्या टेबलावर दोघं होते आणि एकालाच ठेवणार होते. दुसरा पनवेलचा शहजाद, याच्याहून सफाईदार. त्याचे आकडे कमी आले, 'हलगर्जी' असा शेरा पडला आणि त्याला स्टोअरच्या खिडकीत नेऊन बसवलं. सात वर्षं नंदकिशोर त्याच खिडकीतून सिरिंजा घेत होता. डबा उघडा असला की शहजादभाई म्हणायचे, "या नंदूभाई, घास घ्या." हा घ्यायचा.

गणपतीत तो चिपळूणला गेला. सईने दारात विचारलं, "बाबा, चप्पल आत नको ठेवू ना? तुम्ही परवा जाणार." परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने फडकं उचललं.

"ही घे जाई. गार नको वापरू."

आकडा आला एकशे एकोणतीस. जाईने आधी तो पाहिला, मग नंदकिशोरकडे. "सर, मग स्टोअरमधल्या शहजादभाईंचे..." नंदकिशोरनेच जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी बदलीवर सही केली. दिला शब्द पाळला.

जाणाऱ्या माणसाच्या कागदावर सात विभागांच्या सह्या लागतात. शेवटचा चौकोन स्टोअरचा. नंदकिशोरने खिडकीत नऊ सिरिंजा ठेवल्या. बातमी कँटीनमार्गे तिथे पोचलीच होती. शहजादभाईंनी एक सिरिंज उचलून मुठीत धरली.

"कधी कळलं होतं?"

"सात वर्षं झाली."

"तसं नाही. मला इथे बसवलं त्याच्या आधी, की नंतर?"

'नंतर' म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"आधी," नंदकिशोर म्हणाला. "अकरा दिवस आधी."

शहजादभाईंनी नऊ सिरिंजा मोजून घेतल्या, सही केली, शिक्का मारला. शेजारी डबा उघडाच होता. त्यावर त्यांनी झाकण लावलं आणि कागद पुढे सरकवला.

"जा. गाडी चुकेल तुमची."

कागदावरचे सातही चौकोन भरले होते, आणि नंदकिशोरला त्या खिडकीसमोरून हलता येईना.