द्वारकाबाईंची दही-साखर

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीतून कुणी परीक्षेला, मुलाखतीला निघालं की द्वारकाबाई वाटी घेऊन दारात उभ्या. तळहातावर दही-साखर पडल्याशिवाय माणूस कोपऱ्यापुढं जायचा नाही. नवरा गेल्यावर कंपनीच्या मेसमध्ये पोळ्या लाटून दोन मुली उजवल्या त्यांनी. वाटी मात्र कधी चुकली नाही.

मग मानेत गाठी आल्या. कॅन्सर. केमोनं त्या हाताला लागेनाशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, हाताचं खरं नाही, पेट स्कॅन करू. आत काही जिवंत असेल तर औषध बदलावं लागेल.

स्कॅनचं गणित सोपं. शिरेतून साखरेसारखं औषध सोडतात. जिवंत कॅन्सर ते अधाशासारखं खातो आणि चित्रात चमकतो. रक्तात आधीच साखर असली तर चित्र फसतं, म्हणून उपाशी जायचं. त्यात बाईंना मधुमेह. मुली सासरी, म्हणून दवाखान्याला शेजारची मीच सोबत. मी बजावलं होतं, "पाण्याशिवाय काही नको."

स्कॅनच्या सकाळी मी कोपऱ्यावर रिक्षा आणायला गेले, तेवढ्यात गल्लीनं डाव साधला. दारोदारी वाट्या. सेंटरवर बोटातलं रक्त तपासलं, तर साखर भलतीच वाढलेली.

"आज नाही होणार. काय खाल्लं, आजी?" तिथल्या मुलानं विचारलं.

"खाल्लं कुठं? हातावर घेतलं नुस्तं."

"नाही म्हणता येत नाही तुम्हाला?" मी कडाडले.

"पोरी हात धरून उभ्या व्हत्या, ताई. मीच लावलेली सवय. नाय कसं म्हणू?"

तारीख पुढं गेली, केमोही अडलं. गल्लीत शेजारच्या मोनिकानं विचारलं, "काय निघालं, काकू?"

"मशीन बंद व्हती गं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला गल्ली उठायच्या आत मी त्यांना मागच्या बोळातून काढलं. स्कॅन नीट झाला. छातीतल्या गाठी लख्ख चमकत होत्या.

"औषध लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

बाई माझ्याकडं वळल्या. "बघा ताई. कोरड्या हातानं निघाले ना त्या दिशी."

मी समजावलं. गाठी आधीच होत्या, चित्रानं फक्त दाखवल्या. बी.एस्सी.ची सगळी अक्कल पणाला लावली. त्या मान हलवत राहिल्या. पटलं काडीचंही नाही.

परवा नवं औषध सुरू व्हायचं होतं. गोड बंदच. रिक्षा उभी, मोनिका वाटी घेऊन दारात. द्वारकाबाईंनी तळहात पुढं केला आणि माझ्याकडं बघितलं.

"घेऊ का, ताई?"

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "थांब जरा."