येर्कोचा रिकामा डबा

विस नावाच्या बेटावर येर्कोला सगळे 'बार्बा' म्हणतात, म्हणजे समुद्रावरचा वडीलधारा. बावीस वर्षं तो खोल बुडी शिकवतोय, तीही सोडलेला श्वास चुन्याच्या डब्यातून गाळून परत देणाऱ्या यंत्रावर. त्याचा हट्ट एकच. उतरण्याआधी यंत्र तपासायची यादी मोठ्यानं वाचायची, कलमावर बोट ठेवून. पाठ म्हणून दाखवणाऱ्याला तो तडक किनाऱ्यावर धाडतो. "पाठ काय, पोपटाचंही असतं!"

शेवटच्या परीक्षेला नव्वद मीटरवर बुडालेल्या जहाजापर्यंत जायचं होतं. ल्युब्लियाना शहरातून शिकायला आलेली दातांची डॉक्टर आलेन्का आपली यादी वाचून म्हणाली, "बार्बा, आता तुमची."

"माझी? मी शिकवायला लागलो तेव्हा तुझे दुधाचे दातही पडले नव्हते!"

तिनं शांतपणे पायातले रबरी पंख काढले. "मग मी नाही येत."

येर्कोचा पारा चढला. शिव्या हासडतच त्यानं यादी उघडली. चौथ्या कलमाला डबा उघडला, तर आत चुनाच नाही! काल धुऊन वाळवलेला डबा त्यानं तसाच चढवला होता. खाली स्वतःच्याच श्वासानं गुदमरला असता.



आता येर्को सगळ्यांना सांगतो, "पोरीची परीक्षाच होती ती. मुद्दाम रिकामा ठेवला होता."

बायको तोन्का माशांचे खवले काढता काढता ऐकते. "हो ना! आणि घरी येऊन भर दुपारी मला घट्ट धरून रडलास, तीही परीक्षाच होती वाटतं?"